दांडा कुणाच्या उशाला

कार्ड नांदेडला, माझ्या माहेरी आलं. कोपरा फाडलेलं. भाच्याच्या लग्नाला म्हणून गेले होते. वहिनीनं ते घरात न आणता उंबऱ्याबाहेरच माझ्या हातात ठेवलं... आप्पा गेले. बेळगावच्या शहापुरातले आप्पा मिस्त्री, गाड्यांच्या बॉड्या बांधणारे. त्यांच्याशी माझं रक्ताचं नातं नाही. पण सातवीत शाळा सुटलेली, लग्न होऊन मुलखाच्या दुसऱ्या टोकाला येऊन पडलेली मी, नवऱ्याच्या हातमागाच्या खटखटाटात कुणाशी दोन शब्द बोलायलाही भिणारी. तशा मला त्यांनी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला दिली. मी रेक्झीन तीन-तीनदा मोजायचे. बाकीचे हसायचे. आप्पा म्हणायचे, "मोजून झालं? आता एकदा भिऊन घे, मग काप."

कार्ड वाचल्यापासून एकच गाडी डोळ्यांपुढं उभी आहे. दहा-अकरा वर्षं झाली असतील. गोव्याला जाणारे हिप्पी तेव्हा आपापल्या देशातून गाड्या हाकत यायचे. तसल्याच एका जोडप्याची आत बिछाना, कपाट, चूल असलेली जुनाट गाडी निपाणीजवळ बंद पडली आणि ती एका तंबाखूवाल्याला देऊन ते दोघं निघून गेले. त्याच्या वखारीच्या आवारात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. ती घेतली टिळकवाडीच्या सरांनी. सर निवृत्त हेडमास्तर, आणि घेतली ती त्यांच्या बायकोसाठी, काकूंसाठी. काकूंना दम्याचा त्रास. मालवणला त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, आणि सहा वर्षांत लेकीला जाता आलेलं नव्हतं. बसच्या खिडक्या पावसात बंद झाल्या, की काकूंचा श्वास कोंडायचा. आता तर 'गणपतीपर्यंत काढेल असं वाटत नाही' असं भावाचं पत्र आलेलं. सर आप्पांना म्हणाले, "मिस्त्री, पाऊस आत येता कामा नये आणि वारा थांबता कामा नये. जमेल?" आप्पा गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाले, "तसली खिडकी हितंच हाय की, सर. एकाच अंगाला हाय, एवढंच."

खरंच होती. डाव्या अंगाला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी, खालच्या कोपऱ्यात छोटा दांडा. तो ओढला की सगळ्या पट्ट्या एकदम बाहेरच्या बाजूला तिरक्या होत, पाणी त्यांच्यावरून निथळे आणि वारा फटींतून आत येई. मी तो दांडा दहादा तरी वरखाली केला असेन. उजवीकडं, बिछान्याच्या बाजूला, मात्र नुसती बंद काच. तसली दुसरी खिडकी शोधायला आप्पा चार दिवस बेळगाव-निपाणी फिरले. शेवटी मिळाली कॅम्पात, पाडलेल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्याच्या न्हाणीघराची. "साहेबाची न्हाणी आता घाट उतरणार बघ!" म्हणत ती खांद्यावर घेऊनच आले. पण घराची भिंत सरळ, आणि गाडीचा पत्रा पोट सुटल्यासारखा. मग त्या पोटाच्या बाकाची सागवानी चौकट तासून मधे बसवली. निपाणी रस्त्यावर एक फेरी मारली, तर पट्ट्या दात वाजवल्यासारख्या कडकडल्या आणि एक सुटून फुटलीच. रबर घालून पाहिलं, ते घसरलं. आप्पा माझ्याकडं वळले. "तू सांग गं, तुमच्या घरात माग हाय. घट्ट बसंल पर काचंला लागणार न्हाय, असं काय असतंय?" मला कुणी असं विचारल्याची सवयच नव्हती. भीत भीत साडीच्या किनारीचं टाकाऊ कापड आणलं, मेणात बुडवून पट्टीच्या दोन्ही टोकांना दुमडून बसवलं. गाडी पुन्हा निपाणीला जाऊन आली. आवाज बंद.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी काकू आल्या. बादल्याच्या बादल्या बाहेरून ओतून आम्ही खिडकी दाखवली, आत थेंब नाही. काकू हरखल्या. पायरी चढून आत गेल्या आणि बिछान्यावर आडव्या झाल्या त्या पुढं, ड्रायव्हरच्या अंगाला डोकं करून. हात वर केला... दांडा पार पायांशी! हिप्पी मागं डोकं करून झोपत असणार. त्यांच्या खिडकीचा दांडा मागच्या अंगाला, म्हणून बंगल्याच्या खिडकीचाही मागंच आलेला चालतोय, असं आम्ही धरून चाललो होतो.

"अगं, उशी मागं घे ना," सर म्हणाले.

"पुढं तुम्ही गाडी चालवणार, तुमच्यासमोर देवाची तसबीर. आणि मी तिकडं पाय करून झोपू?"

"मला कुठं दिसतंय?"

"मला दिसतंय ना!"

उशीचा अभ्रा शिवताना हे माझ्या मनात आलं होतं, की डोकं कुठं करणार? पण परक्या गाडीतलं आपल्याला काय कळतंय म्हणून गप्प बसले. आता उद्या निघायचं आणि पाऊस घाटात आहेच. मी रडतच आप्पांना सांगितलं. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. "तुला म्हाईत व्हतं आणि इच्चारलं न्हाईस. मला म्हाईतच न्हवतं. मग जास्त शाणं कोण?" म्हणाले. "फुडच्या खेपेला भीत भीत का हुईना, इच्चार."

बंगल्याची खिडकी उलटी करून बसवावी, तर पट्ट्या आतल्या बाजूला कलणार आणि पाणी अंगावर. आप्पा बराच वेळ दोन्ही खिडक्यांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग पेन्सिल कानावर खोचून म्हणाले, "ह्याची त्याला, त्याची ह्याला." समोरासमोरच्या अंगांना पुढचं-मागचं उलटतं, म्हणून दोन्ही खिडक्यांची अदलाबदल केली की दोन्ही दांडे आपोआप पुढं येत होते! चौकटी मात्र नव्यानं तासाव्या लागल्या. मी कापड दुमडत होते, ते रंधा मारत होते. दिवस मावळायच्या आत काम झालं. या वेळी स्क्रू आवळण्याआधी त्यांनी काकूंना आत झोपवलं, "हात लावा बघू" म्हणाले, आणि मगच आवळले.

काकू पोचल्या. आंबोलीच्या घाटात धो धो पावसात स्वतःच्या हातानं खिडकी उघडून होत्या, असं परतल्यावर सांगत होत्या. आईजवळ अकरा दिवस मिळाले...

नांदेडहून आले ती थेट आप्पांच्या घरी गेले. आप्पांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणतो, खोलीत खाली अंथरुणावर बसल्या होत्या. आप्पांची खाट भिंतीशी, रिकामी. वर काचेच्या पट्ट्यांची तसलीच खिडकी. म्हातारपणी कुठून तरी पैदा केलेली. पट्ट्यांच्या टोकांना माझ्याच युक्तीचं मेणकापड होतं. मला सवयीनं वाटलं, दांडा आप्पांच्या उशाशी असणार. पाहिलं तर तो पायथ्याला, आणि तिथून लांब दोरी खाली आक्कांच्या उशापर्यंत सोडलेली.

"आक्का, हे उलटं कसं?"

"उलटं कशाला? वारं मलाच सोसत न्हाय, म्हणून उघडझाप माझ्याच हातात," आक्का दोरी हातात धरून म्हणाल्या. "मला इच्चारून लावलीया ती."