दुसरा ब्रेक

ब्रेकबाईंचा उजवा पाय कुणावरही विश्वास ठेवत नसे. मोटार शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला, गोंधळला, तर तो दाबायचा. बाई मात्र कुणी चुकायची वाट बघत नसत. रस्ता ओलांडावा की नाही याचा मांजर अजून विचारच करतंय, तोवर यांचा पाय खाली गेलेला असे. बसमध्ये बसल्या की पुढच्या सीटखालचा पत्रा दाबत, घरी टीव्हीवर कुणी गाडी पळवू लागलं की जेवता जेवता टेबलाखालची फरशी दाबत. मोटार स्कूलच्या मालकांनी एकदा थट्टेत ठेवलेलं हे नाव त्यांना असं चिकटलं, की खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी निघायचं.

त्यांना हसण्यात अर्थ नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांच्याकडे एक गृहस्थ शिकायला येत. दोन पोरांचा बाप, इस्त्रीचे कपडे, बोलणं मोजूनमापून. फुटपाथवर ओळखीचं कुणी दिसलं म्हणून या माणसाने दोन्ही हात सोडून टाटा केला आणि गाडी सरळ भिंतीत घातली. बाईंचं डावं मनगट तेव्हापासून जरा वाकडंच आहे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागल्या. आणि वयाचा नि अकलेचा काडीचा संबंध नसतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. जेमतेम अठराची पोरगी आरशात बघितल्याशिवाय जागची हलत नाही आणि नातवंडं असलेला माणूस डोळे मिटून वळण घेतो, हे त्या रोज बघत होत्या.

त्यांच्या नवऱ्याचं जग याच्या अगदी उलट. तो तरणतलावावर जीवरक्षक. खोल पाण्याच्या बाजूला भिंतीवर एक लाल रेघ मारलेली होती. डोकं रेघेच्या वर गेलं तर खोल पाण्यात, नाहीतर उथळ बाजूला जाऊन छपछप करा. रडलात तरी तेच आणि रागावलात तरी तेच. त्यामुळे त्याला रात्री झोप छान लागायची.

या दोघांची एकुलती एक लेक, खारू. लहानपणी खारीसारख्या वस्तू लपवून ठेवायची सवय म्हणून बापाने ठेवलेलं नाव, पण मोठी झाल्यावर तिने लपवणं सोडलं आणि सगळं सांगत सुटली. तेरावं संपत आलेल्या या मुलीने एके दिवशी जेवताना सांगितलं, की तिला एक गेम खेळायचा आहे. बेचिराख झालेलं शहर, चौघांची टोळी, ढिगाऱ्याखालची माणसं शोधून बाहेर काढायची, आणि आडवे येतील त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या. गेम सुरू करायच्या आधी जन्मसाल विचारतात, कारण तो सोळा वर्षांवरच्यांसाठी आहे.

"वर्गातल्या बऱ्याच जणांनी खोटं साल टाकलंय," ती म्हणाली. "मला नाही टाकायचं. म्हणून तुम्हाला विचारतेय."

बाबांनी घास न थांबवता उत्तर दिलं की रेघ ती रेघ. ब्रेकबाई तिथेच उसळल्या. उंच माणसं बुडत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. बुडतात की, नवरा शांतपणे म्हणाला, त्यांनाच काढायचा मला पगार मिळतो. पण रेघ पुसली तर सगळेच उड्या मारतील, मग मी एकटा कुणाकुणाला काढू? हे म्हणणं तसं बिनतोड होतं, म्हणून बाईंना ते अजिबात आवडलं नाही.

शेवटी बाईंनी आपल्या धंद्यातला तोडगा काढला. खारूला एका महिन्याचा शिकाऊ परवाना. जन्मसालाच्या जागी आई आपलं साल घालील, ते लपूनछपून नाही, तिघांच्या देखत. रोज संध्याकाळी एक तास. खोलीचं दार उघडं. आणि मुख्य अट अशी, की तास संपला की कुणी हाक न मारता आपलं आपण थांबायचं. महिनाभर जमलं तर पक्का परवाना. नाही जमलं तर सोळावं लागेपर्यंत तोंड बंद. खारूने लाल कागदाचा एक मोठा 'एल' कापून आपल्या दारावर चिकटवला. बाबा हसले. बाईंनी तो चारही कोपऱ्यांनी नीट चिकटलाय का ते दाबून बघितलं.

महिना सुरू झाला आणि बाईंच्या डोक्यात संशयाने बिऱ्हाड थाटलं. दुपारी कामावरून आल्या की पर्स ठेवायच्या आधी कॉम्प्युटरवर तळहात ठेवून बघत, गरम तर नाही. संध्याकाळी खारू खोलीतून बाहेर आली की या आत जाऊन कॉम्प्युटरचा दिवा विझलाय का बघत. दार उघडं होतं हे खरं, पण पोरगी पाठ करूनच का बसते? हेडफोन लावून हसते ते कुणाशी? एकदा तिने हेडफोन काढून ठेवला असताना बाईंनी तो कानाला लावला, तर आतून चांगला घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, "कुठे गेलीस गं?" बाईंचा पाय जागच्या जागी फरशीत रुतला. चौकशीअंती तो वर्गातल्याच एका मुलाचा निघाला. आवाज फुटलाय त्याचा, आई, खारू म्हणाली, आणि तो स्वतःच त्याला इतका घाबरलाय की शाळेत बोलतच नाही. बाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी उभं राहून त्यांनी तो मुलगा डोळ्यांनी बघून घेतला, तेव्हा कुठे अन्न गोड लागलं.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती स्वयंपाकघरात घडत होती. वायफायच्या डब्याचं बटण ओट्याच्या वर होतं. पहिल्याच संध्याकाळी तास भरत आला तशा बाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. पोरगी थांबली नाही तर? तर गेम काढून घ्यावा लागेल, नवरा म्हणेल मी सांगत होतो, आणि खारू पुढच्या वेळी विचारणार नाही, सरळ खोटं साल टाकील. सगळं सांगणारी ही मुलगी ज्या दिवशी सांगायची थांबेल, त्या दिवसाला बाई समोरून येणाऱ्या ट्रकपेक्षा जास्त भीत. एवढा सगळा विचार होईपर्यंत हात वर गेला होता आणि बटण खाली आलं होतं. आत गेम बंद पडला. खारू बाहेर येऊन म्हणाली की नेट गेलं वाटतं. हल्ली नेटचं काही खरं नाही, बाई म्हणाल्या.

मग ते रोजचंच झालं. तास भरायच्या जरासं आधी नेट जायचं, जेवणं आटोपली की यायचं. लेक खोटं बोलेल या भीतीने दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसलेल्या या घरात खोटं बोलत होतं ते एकच माणूस. कुंपणच शेत खात होतं. बाईंना हे दिसत नव्हतं असं नाही, पण मदत करतेय, असं त्या स्वतःला सांगत.

त्याच दिवसांत त्यांच्याकडे हेडबाई शिकायला येत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका; यजमानांची नजर अधू झाली म्हणून उतारवयात चाक हातात घेतलं होतं. अशी शांत, समजूतदार शिकाऊ बाईंना आजवर मिळाली नव्हती, म्हणून अर्थातच त्यांचा हेडबाईंवर जास्त संशय. सिग्नलला थांबल्यावर ब्रेकबाईंनी त्यांना गेमचं प्रकरण सांगितलं, आणि वय बघू नये, समज बघावी, हे आपलं मतही ऐकवलं. हेडबाईंनी समोरचा दिवा बघत उत्तर दिलं, की त्या जन्मभर वयाचा दाखला बघूनच प्रवेश देत आल्या. समज मोजायची पट्टी कुणाकडे असते? आणि असली, तरी ती धरणारीचा हात हलत नाही कशावरून? तोवर दिवा हिरवा झाला होता.

हेडबाई परीक्षेला गेल्या त्या दिवशी ब्रेकबाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांचे शिकाऊ परीक्षेत फार नापास होतात, अशी मालकांची कुरकुर होतीच. परीक्षा घेणाऱ्या साहेबांचा आपल्यावर काहीतरी राग आहे, असं बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं, म्हणून आज त्या साहेबांवर नजर ठेवून होत्या. साहेब शेजारच्या सीटवर बसले, पाय दुमडून, ब्रेकपासून लांब. गाडी छान निघाली, छान वळली, आणि उताराच्या टोकाला ठेवलेल्या पत्र्याच्या पिंपाला, अजिबात घाई न करता, जाऊन धडकली. मैदानभर आवाज घुमला. पिंप गडगडत ब्रेकबाईंच्या पायाशी येऊन थांबलं.

हेडबाई उतरल्या, पदवीदान समारंभातून याव्यात तशा चालत आल्या.

"मी पाय ठेवला होता हो," त्या म्हणाल्या. "रोज ठेवते तसाच, अलगद. रोज थांबते की गाडी." मग त्या चष्म्यावरून ब्रेकबाईंकडे बघायला लागल्या. ज्या नजरेने त्यांनी हजारो पोरांच्या खिशातल्या चिंचा ओळखल्या असतील, तीच नजर. "खरं सांगा. इतके दिवस गाडी कोण थांबवत होतं?"

ब्रेकबाई म्हणाल्या की त्या आपली थोडी मदत करत होत्या.

"मदत नाही ती," हेडबाई म्हणाल्या. "मी चुकतेय हे मला कळू तरी द्यायचं होतंत."

त्या संध्याकाळी ब्रेकबाईंनी बटणाला हात लावला नाही. ओट्याशी उभ्या राहून त्यांनी एकच भांडं तीनदा घासलं. तास भरला. आतून हसण्याचा आवाज येतच होता. नवरा कामावरून आला, त्याने घड्याळ बघितलं, बायकोचं तोंड बघितलं, आणि शहाण्यासारखा अंघोळीला निघून गेला. अंघोळ झाली, पानं घेतली, तरी आतला आवाज चालूच. बाईंना वाटत होतं तेच झालं होतं, आणि ते खरं ठरल्याचा त्यांना जराही आनंद झाला नाही. रडू मात्र आलं.

मग आवाज एकदम बंद पडला. खारू धावत बाहेर आली. दारावरचा लाल 'एल' तिने उपटून हातात धरला होता.

"आई, आज खूप उशीर झाला. मी थांबलेच नाही," ती म्हणाली. "रोज नेट जातं ना, ते गेलं की मी उठते. आज गेलंच नाही. घड्याळाकडे बघायचं मला सुचलंच नाही, आई. मी नापास."

चोराच्या मनात चांदणं असतं. त्या चांदण्यात ब्रेकबाईंना आता सगळं लख्ख दिसत होतं, पिंपसुद्धा. गप्प बसणं फार सोपं होतं. पोरगी स्वतःच कबूल झाली होती, परवाना रद्द करायचा, बटणाचं बटणापाशी राहिलं असतं.

"नेट जात नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी बंद करायचे."

"रोज?"

"रोज."

खारूने हातातल्या 'एल'कडे बघितलं. मग म्हणाली, "मी तर तुला सगळं खरं सांगत होते." आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. महिनाभरात पहिल्यांदाच. ब्रेकबाई ते उघडायला गेल्या नाहीत.

नवऱ्याने ताटावर ताट झाकलं. त्याने मी सांगत होतो असं म्हटलं नाही, हे त्याच्या नावावर जमा करायला हवं. तो एवढंच म्हणाला, की तलावावरची रेघ आंधळी असेल, पण पोरांना ती दिसते तरी. तुझी रेघ तू ओट्यावर लपवून ठेवली होतीस. बाई त्यावर भांडल्या नाहीत, तेव्हा तोच घाबरला.

सकाळी बाई चहा करायला गेल्या, तर वायफायच्या बटणावर लाल 'एल' चिकटवलेला होता. चारही कोपऱ्यांनी घट्ट. खारू दप्तर भरत होती. तिने वर बघितलं नाही. शाळेला निघताना दारातून म्हणाली, "महिना आजपासून पुन्हा. दोघींचा."

संध्याकाळी तास सुरू झाला तशा ब्रेकबाई बाहेरच्या खोलीत कोचावर जाऊन बसल्या, स्वयंपाकघराकडे पाठ करून. पाय साहेबांसारखे दुमडून घेतले, उजवा खाली, डावा त्याच्यावर, म्हणजे आगाऊपणा नको. आत हसणं चाललं होतं. तो घोगरा मुलगा काहीतरी विनोद करत असणार. खरंच तोच असेल ना? काटा सरकत सरकत यायचा तिथे आला, आणि थोडा पुढेही गेला. बाईंनी कोचाची कड धरली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खारू दारात आली, म्हणाली, "बंद केलं," आणि पाणी प्यायला निघून गेली.

बंद केलं, की नुसता पडदा काळा केला? दिवा विझलाय का? फक्त एकदा बघून यावं म्हणून ब्रेकबाई उठायला गेल्या. पण उजव्या पायाला अशा मुंग्या आल्या होत्या की तो जमिनीला टेकवेना. त्या परत खाली बसल्या. मग हळूहळू मुंग्या उतरल्या, तरी त्या बसूनच राहिल्या.