उपाशी पोटी

कौसाकाकूंनी गोळी ताटलीत परत ठेवली.

"आता न्हाई घेत मी. कॅन्सरच्या आधी ही गोळीच नेईल मला."

त्यांची सून वैशाली दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गोळीकडे पाहत राहिले. मला पटकन बोलता येत नाही.

मी लोकांच्या घरी जाऊन आजारी माणसं सांभाळते. आधी वसमतच्या एका दवाखान्यात आया होते. कुरुंद्याला कौसाकाकूंकडे नुकतीच लागले होते. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर. आयुष्यात विडीला हात लावला नाही, तरी झाला. उपचार नांदेडला चालू होते. सलाईनची किमो नव्हती, रोज एक गोळी होती. तिला टार्गेटेड गोळी म्हणतात. गाठीची तपासणी करतात आणि तिच्यात ठरावीक दोष सापडला तरच देतात. गाठीला वाढायला लावणारा निरोप ही गोळी अडवते. काकूंना ती लागू पडली होती. खोकला कमी झाला होता, रात्री आडवं पडून झोप येत होती.

पण जुलाब थांबत नव्हते. तोंडावर, छातीवर लाल पुरळ उठलं होतं. शेजारची बाई म्हणायची, उष्णता बाहेर पडून राहिली. संडासापर्यंत जायला काकूंना माझा खांदा लागायचा.

गोळी सोडली तर गाठ पुन्हा वाढणार, हे वैशालीला माहीत होतं. तशीच चालू ठेवली तर सासू उठायची नाही, हे समोर दिसत होतं. तिने फाईलवरचा नांदेडच्या दवाखान्याचा नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला.

"तुमी बोला ताई. तुमाला दवाखान्याचं कळतं."

पलीकडे सिस्टर होत्या. दिवसातून किती जुलाब, ताप आहे का, दम नव्याने लागतो का, असं त्यांनी विचारलं. मी सांगत गेले. मग त्या म्हणाल्या, "गोळी कधी देता?"

"उपाशी पोटीच देतो मॅडम. तुम्ही सांगितलं तसं. फराळ झाला की लगेच."

"कसला फराळ?"

"उपासाचा. भगर, शेंगदाण्याची आमटी. कधी साबुदाणा."

सिस्टरांनी पुन्हा विचारलं.

"रोज उपास?"

"व्हय," पलंगावरून काकूच बोलल्या. "तुमीच सांगितलं ना, रोज उपाशी. मी एक दिवस चुकले न्हाई. सांजच्यालाच भाकर खाते."

"काकू, उपाशी म्हणजे रिकाम्या पोटी," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "पोटाला एकादशी कळत नाही. भगर खाल्ली तरी ते जेवणच."

त्यांनी समजावून सांगितलं. ही गोळी जेवणानंतर घेतली तर रक्तात जास्त उतरते. गोळी एकच, पण अंगाला जास्त लागते. मग जुलाब आणि पुरळ वाढतं. सगळ्याच कॅन्सरच्या गोळ्यांचं असं नसतं, काही जेवून घेतल्या तरी चालतात. म्हणून ज्याची त्याची गोळी विचारूनच घ्यायची. आज देऊ नका, पेशंटला घेऊन या, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी पाय दाबत बसले. मग त्या म्हणाल्या, "गोळी डॉक्टरची, उपास देवाचा. दोघं मिळून काम करतील वाटलं मला."

मी त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं.

नांदेडला डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं. गोळी थोडे दिवस बंद ठेवली. जुलाबाची गोळी, ओआरएस आणि पुरळाला लावायला मलम दिलं. पुन्हा कधी सुरू करायची ते मीच सांगीन, म्हणाले. मनाने बंद करायची नाही. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ॲसिडिटीची गोळी किंवा गावठी काढा विचारल्याशिवाय द्यायचा नाही. दम नव्याने लागला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

"आणि उपास बंद," ते काकूंना म्हणाले. "वजन बघा तुमचं."

"मग देवाला काय सांगू?"

"सांगा, डॉक्टरनं रजा टाकायला लावली," वैशाली म्हणाली.

काकू हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

थोड्या दिवसांनी डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली. आता उठल्याबरोबर पाण्याबरोबर गोळी आणि पुढचा तासभर काहीच नाही. मग चहा आणि भाकरी. जुलाब आटोक्यात आले. पुरळ पूर्ण गेलं नाही, पण सुकलं. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आणखी लहान दिसली. आजार आहेच, पण काकू आता स्वतःच्या पायाने अंगणात येऊन बसतात आणि हळदीच्या कामाला आलेल्या बायांना कामं सांगतात.

तेव्हापासून कोणाच्या घरी गेले तरी मी 'उपाशी पोटी' हा शब्द वापरत नाही. पाण्याशिवाय तोंडात काही नाही, असं सांगते. परवा वारंग्याजवळच्या एका आजोबांना तसंच सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "तंबाखू तर चालून जाते ना बाई? ती काय खाणं न्हाई."

आता तंबाखूचंही नाव घेऊन सांगते.