मामेसासऱ्यांचं टाचांचं मलम

आमच्या मामेसासऱ्यांनी जन्मभरात मीठ आणि काडेपेटी सोडून दुकानातून काही विकत घेतलं असेल, तर ते झोपेत घेतलं असेल. "बांधावर समदं उगवते, मंग वाण्याचं घर काहून भरायचं?" असं त्यांचं म्हणणं. दिवस निजामाच्या राजवटीतले. मी नवी सून म्हणून शिरड शहापूरला आले, तेव्हा सासूबाईंचे हे धाकटे भाऊ आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. उंच, हडकुळे, आणि हाताला सतत कसला तरी चीक लागलेला. पावसात ते स्वतः विणलेली पळसाच्या पानांची छत्री घेऊन निघत आणि आमच्या दारापर्यंत येता येता हातात नुसता दांडा उरे. "पाणी जास्त हाय औंदा," एवढंच म्हणत. छत्री कमी आहे, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. एकदा त्यांनी कोळसा आणि कसली तरी साल कुटून दातवण केलं, तर त्यांच्या घरातली सगळी माणसं आठवडाभर काळं हसत होती. त्याच आठवड्यात एका लग्नाचं बोलावणं आलं, तेव्हा बायकांनी तोंडाला पदर लावून जेवण केलं.

मामी मात्र लहानखुऱ्या आणि कमी बोलणाऱ्या. हिवाळा लागला की त्यांच्या टाचा फुटत. काळ्या रानात अनवाणी फिरलेल्या त्या टाचा, भेगेत ज्वारीचा दाणा उभा राहावा अशा. त्या वर्षी भेगांतून रक्त यायला लागलं आणि मामी चवड्यांवर चालू लागल्या. नेमकी तेव्हाच त्यांच्या लेकीला, गंगूला पाहायला कळमनुरीची मंडळी यायची होती. मामींना झोप लागेना. "मायच लंगडून राहिली, मंग पोरगीत बी काही खोट असंल, असं म्हणतील पाव्हणे," असं त्या मला म्हणाल्या. मी आपलं सुचवलं की हिंगोलीच्या बाजारात डबीतलं मलम मिळतं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देव्हाऱ्यातले देव मोडीत घालायला सांगितलं होतं.

"सूनबाई, डबीतलं मलम शेठाच्या टाचायसाठी. आपल्या टाचा या मातीच्या. त्यायला औषध बी इथलंच लागते."

दुसऱ्याच दिवशी घरामागं तीन दगड मांडून त्यांनी सालईचा डिंक, मेण, करडीचं तेल आणि कडुनिंबाचा पाला असं सगळं एका जुन्या घमेल्यात शिजायला ठेवलं. त्या वासानं गल्लीतली कुत्री दुसऱ्या गल्लीत राहायला गेली. डिंक किती घालायचा हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं म्हणजे दुसऱ्याला जास्त कळतं असं झालं असतं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी ते घमेलं घेऊन मामींपुढे बसले. मामींनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"आदी तुमच्या टाचायला लावा. गुण आला का मंग माझ्या."

मामांनी घोट्यापर्यंत थापून घेतलं आणि उन्हात पाय पसरून बसले. मामींनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा "वाळून राहिलं" असं उत्तर आलं. ऊन चढलं तसं मलम वाळायचं सोडून काकवीसारखं चमकायला लागलं. तेवढ्यात आठवण झाली की पाहुण्यांसाठी पिंजून भरायला दिलेली गादी पिंजारी चाचांकडेच राहिली. मामांनी वहाण घातली. नीट बसली नाही म्हणून ओढून काढली, तर तळ पायालाच राहिला आणि पट्टे हातात आले. तळ कसाबसा सोडवून ते तसेच अनवाणी निघाले.

पिंजाऱ्याच्या घरात जमिनीवर कापूसच कापूस. चाचा शांतपणे म्हणाले, "अजी, पाँवां तो देखो अपने. मेरी आधी रुई तुमारे पाँवां को लगी."

"पाव्हणे गेल्यावर आणून देतो," मामा म्हणाले, आणि गादी डोक्यावर घेऊन परतले.

पाहुण्यांची बैलगाडी वेळेआधीच येऊन पोचली होती. ओसरीवर सगळे बसलेले, आणि मामा आत आले ते पायांच्या जागी दोन पांढऱ्या कोंबड्या घेऊन. त्यांनी गादी टाकली आणि राम राम केला. मी दाराआड पदर तोंडात कोंबला. गंगू रडायच्या बेतात होती.

"पायाला काही लागलं काय?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

व्हय म्हटलं असतं तर निभावलं असतं. पण मामांनी घमेल्यापासून सुरुवात करून सगळी कृती सांगितली. आमच्याजवळ बसलेल्या मुलाच्या आईनं आतूनच विचारलं, "पण हे कोणाच्या टाचायसाठी?"

मामा म्हणाले, "गंगूच्या मायच्या. चालताना तिला लई तकलीफ होते."

चारचौघांत बायकोच्या टाचांबद्दल बोलणारा पुरुष त्या काळी आमच्याकडे कुणी पाहिला नव्हता. पुरुष मंडळी आढ्याकडे पाहू लागली. मामी भिंतीत शिरायला जागा शोधत होत्या. मुलाच्या आईनं स्वतःचे भेगाळलेले पाय हळूच लुगड्याखाली घेतले आणि नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरगी बराबर घरातली हाय. सुपारी फोडा."

सुपारी फुटली. मामा पानाचं तबक आणायला उठले, तेव्हा सतरंजीही त्यांच्यामागं दारापर्यंत आली.

संध्याकाळी चाचांनी घासलेटाच्या बोळ्यानं मामांचे पाय सोडवले. मलमाबरोबर टाचांची जुनी कातडीही निघाली. "मऊ झाल्या का न्हाई?" मामा दुखत असतानाही म्हणाले. मामींनी ते मलम काही लावून घेतलं नाही. मग रोज दिवेलागणीला मामा पाणी तापवायचे, मीठ घालून मामींचे पाय त्यात ठेवायचे आणि टाचांना तेल चोळायचे.

"दार लावा. लोकं पाहतील," मामी म्हणायच्या.

"पाहू दे. औषध शिकतील."

माघ सरता सरता टाचा भरून आल्या. पाण्यानं, तेलानं की थंडी गेली म्हणून, कुणास ठाऊक. मामा अर्थातच श्रेय मलमाला देत. नुसत्या वासानंही गुण येतो, असं ते सांगत.

आता दोघंही नाहीत, आणि माझ्याही टाचा फुटतात. आमचे हे हिंगोलीहून मलमाची नळी आणतात, कोनाड्यात ठेवतात, "लाव" म्हणतात आणि पेपर उघडतात. माणूस चांगला आहे, मलमही चांगलं आहे, दोन दिवसांत गुण येतो. तरी नळी पिळता पिळता एखाद्या संध्याकाळी वाटतं, आपल्यासाठीही कुणी एकदा चुकीचं का होईना, काहीतरी शिजवायला हवं होतं.