निम्मी अँबॅसिडर

रणदिवे साहेबांनी क्लचवरचा पाय उचलला आणि गाडी पुन्हा बंद पडली.

"मिसेस सप्रे, तुमचं मशीन चुकलेलं आहे," साहेब रुमालाने कपाळ पुसत म्हणाले. "माझी गाडी अशी चालत नाही."

गाडी म्हणजे खरं तर निम्मी गाडी. भंगारातल्या एका अँबॅसिडरचा पुढचा भाग कापून आम्ही तो वर्कशॉपच्या फरशीवर बोल्टांनी बसवला होता. स्टेअरिंग होतं, पेडल होती, पुढची लांबलचक सीट होती. चाकं नव्हती. ती कुठेच जात नसे, आणि तरीही ती चुकीची चालते अशी साहेबांची तक्रार होती.

ओजस, सई, मागच्या रविवारी तुम्ही मला व्हिडिओ कॉलवर तुमच्या गेमचं स्टेअरिंग दाखवलंत. ओजस म्हणाला, "आजी, हे अगदी खऱ्या गाडीसारखं चालतं." माझ्या तोंडात प्रश्न आला होता, पण तिकडे तुमची झोपायची वेळ झाली होती. म्हणून लिहून विचारते. खऱ्या म्हणजे कोणाच्या?

मी त्या वेळी नगरला ड्रायव्हर तयार करणाऱ्या एका शाळेत टेक्निकल असिस्टंट होते. फिजिक्स शिकले होते आणि जागा तात्पुरती होती. बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. गावोगाव पाण्याचे टँकर जात होते, खडीच्या कामांवर जीपा लागत होत्या आणि ड्रायव्हर मिळत नव्हते. आमच्याकडे खर्डा, सोनई, राहाता अशा सगळीकडून मुलं येत. त्यांनी आयुष्यात बैल सोडून काही हाकलं नव्हतं. खर्ड्याचा एक जण क्लच सोडताना तोंडाने "हिर्रर्र" करायचा.

ही मुलं शाळेच्या गाड्यांच्या क्लचप्लेटा जाळत होती. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांना जोडणारा आणि सोडवणारा भाग. डाव्या पायाचं पेडल दाबलं की दोघांची फारकत होते. हळूहळू सोडलं की पुन्हा जमतं. एकदम सोडलं तर गाडी उडी मारून बंद पडते, नाहीतर प्लेट घासून जळते. तेव्हा असं ठरलं की मुलांना आधी खोट्या गाडीवर शिकवायचं. तिला आम्ही सिम्युलेटर म्हणायचो. मुलं तिला "लंगडी" म्हणायची.

माझं काम एकच. शाळेची अँबॅसिडर जशी हाताला आणि पायाला लागते, तशीच ही लंगडी लागली पाहिजे. स्टेअरिंगच्या कडेला ताणकाटा अडकवून ते फिरवायला किती जोर लागतो ते मी मोजलं. स्टेअरिंग थोडं फिरलं तरी चाकं हलत नाहीत, त्या रिकाम्या फेऱ्याला प्ले म्हणतात. तोही खडूच्या खुणा करून मोजला. क्लच नेमका कुठे धरतो ते पाहायला साडीचा पदर खोचून, फूटपट्टी घेऊन गाडीच्या फरशीवर बसले. पेट्रोल भरायला गेलो तेव्हाही मी तशीच बसले होते. पंपावरच्या माणसाने आमच्या ड्रायव्हरला हळूच विचारलं, "बाईंचं काय हरवलंय का?"

लंगडीत इंजिनाच्या जागी विजेची मोटर होती. गाडीच्या वजनाच्या जागी एक जड लोखंडी चाक होतं. दोन्हींच्या मध्ये खराखुरा क्लच. तो एकदम सोडला की मोटरवर ताण येई, रिले नावाचा खटका पडे आणि गाडी बंद. समोर रुळांवर कॅनव्हासचा लांब पट्टा फिरे. त्याच्यावर सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरने रस्ता रंगवला होता. रस्त्यावर एक बैलगाडी होती. पट्टा गोल असल्यामुळे तीच बैलगाडी पुन्हा पुन्हा येई. कडेला घागर घेतलेली एक बाई त्याने सवयीने इतकी मोठी काढली होती की तिच्यापुढे बैल शेळीएवढे दिसत. मुलं हमखास तिच्याकडे बघत आणि रस्ता सोडत. शेवटी तिच्यावर बाभळीचं झाड काढून घेतलं.

सगळं जुळलं होतं. मेकॅनिकने चालवून पाहिली. मी चालवून पाहिली. फक्त रणदिवे साहेबांच्या हातात ती चालेना.

साहेब आमचे प्रिन्सिपॉल. माणूस मनाने चांगला, कोणाचा पगार एक दिवस अडू द्यायचे नाहीत. त्यांना अभिमान एकाच गोष्टीचा होता, आपल्या ड्रायव्हिंगचा. प्रत्येक नव्या बॅचला ते पहिलं लेक्चर स्वतः देत. "क्लच म्हणजे फुलाची पाकळी. पाय असा उचला की पाकळीलासुद्धा कळता कामा नये." आणि लंगडीत बसले की तापल्या तव्यावर पडल्यासारखा पाय उचलत.

"सर, जरा सावकाश सोडलात तर..."

"मिसेस सप्रे, मी रोज गाडी चालवतो. मला सावकाश शिकवू नका." ते मागे वळले. "सय्यद! तू सांग. माझी गाडी अशी आहे का?"

सय्यदमामा शाळेच्या अँबॅसिडरचे ड्रायव्हर आणि शिकवणारे उस्ताद. गाडीत कायम अनवाणी. "पायाला कळाया पायजे," म्हणायचे. त्यांनी वर छताच्या पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, तुमी चालवता तवा... अशी न्हाई."

"झालं!" साहेब उठले. "मुंबईहून तपासणीचे अधिकारी येणार आहेत. मशीन खऱ्या गाडीशी जुळतं असं मी लिहून दिलं तरच अनुदान मिळेल. जे जुळत नाही त्याच्यावर मी सही करणार नाही. ते यायच्या आत दुरुस्त करा, नाहीतर भंगारवाल्याला बोलवा."

भंगारवाला आला असता तर लंगडीबरोबर माझी तात्पुरती जागाही गेली असती. मी पुन्हा सगळं मोजलं. आकडे तेच. तेव्हा म्हटलं, गाडी मोजून झाली, आता साहेब मोजू.

"सर, आपण गाडी चालवा. मी मागच्या सीटवर बसून टिपणं घेते."

साहेब खूष झाले. आम्ही सोनईच्या रस्त्याला लागलो. साहेब स्टेअरिंगवर, त्यांच्या डावीकडे सय्यदमामा, मागे मी. साहेबांनी तव्यावरून उचलावा तसा पाय उचलला आणि गाडी लोण्यासारखी निघाली. धक्का नाही, खरखर नाही.

"पाहिलंत?" साहेब म्हणाले.

मी पाहिलं. पण साहेबांकडे नाही. सय्यदमामा खिडकीबाहेर बघत होते, कोणाच्या शेतात काय उभं आहे याची चौकशी करावी तसे. मान बाहेर, हात मांडीवर, आणि डावा गुडघा सावकाश वर येत होता. पुढे शेळ्या आडव्या आल्या. साहेबांनी ब्रेक दाबला, क्लच विसरले. मामांचा गुडघा खाली गेला. शेळ्या गेल्या, गुडघा वर आला. साहेब म्हणाले, "पाकळी!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. शिकवायच्या गाडीला डबल कंट्रोल असतं. म्हणजे डावीकडे बसणाऱ्या उस्तादाच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची आणखी एक जोडी असते, दांड्यांनी उजवीकडच्या जोडीला जोडलेली. शिकणाऱ्याने पाय काढला तरी उस्तादाने दाबून धरलेला क्लच दाबलेलाच राहतो. लंगडी बनवताना मी फक्त शिकणाऱ्याची बाजू उतरवली होती. डावीकडची जागा रिकामी होती.

परत आल्यावर मी मामांना वर्कशॉपच्या मागे गाठलं.

"मामा, कधीपासून?"

"काय बाई?"

"गुडघा."

ते हसले. "साहेब आले तवापासून. पयल्या दिवशी गाडी बंद पडली अन् साहेबांचं तोंड एवढंसं झालं. पोरं बघत हुती. म्हनलं, जाऊ द्या, आपला पाय रिकामाच हाय."

"इतकी वर्षं?"

"मग काय! क्लचप्लेट जळली तर गाडीखाली मी झोपनार, साहेब न्हाई झोपत. मी काय त्यांच्यावर उपकार न्हाई केले, बाई. माझी पाठ वाचवली."

"आता माझी नोकरी जातेय."

मामा गंभीर झाले. "मग लंगडीचा क्लच मऊ करा की. साहेबांचं काम भागंल."

"आणि मऊ क्लचवर शिकलेली पोरं खऱ्या गाडीत बसली की?"

"प्लेटा जळतील."

"मग गाडीखाली कोण झोपेल?"

मामांनी विचार केला. "नका करू मऊ," ते म्हणाले.

साहेबांना खरं सांगणं हा एक मार्ग होता. मी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेलेही. आत ते नव्या बॅचला पाकळीची गोष्ट सांगत होते. मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले आणि एकही शब्द खोटा न बोलता म्हणाले, "सर, आपलं बरोबर होतं. आपली गाडी डबल कंट्रोलची आहे. मी तिची एकच बाजू उतरवली. आपल्यासारख्या रोज चालवणाऱ्यालाच तो फरक जाणवला."

"मी तेच म्हणत होतो," साहेब म्हणाले.

मेकॅनिकने डावीकडे दोन पेडल बसवली आणि दांड्यांनी जोडून दिली. मामा चपला काढून तिथे बसले. साहेबांनी पाय उचलला. बैलगाडी आली, गेली, पुन्हा आली.

"ही! ही माझी गाडी!" साहेब ओरडले आणि त्यांनी तिथेच सही केली. वर म्हणाले, "तपासणीच्या दिवशी मीच चालवून दाखवणार."

मी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "मी हायेच की."

तपासणीचे अधिकारी कमी बोलणारे होते. कडक इस्त्रीची पँट, हातात फाइल. त्यांनी माझे आकडे वाचले, लोखंडी चाकाला हात लावून पाहिला, बाभळीमागून डोकावणारी घागर पाहिली आणि फाइल मिटली. साहेब स्टेअरिंगवर बसले. मामा डावीकडे चढू लागले.

"तुम्ही थांबा," अधिकारी म्हणाले. "या बाजूला मी बसतो. जवळून बघायचंय."

मामांचा एक पाय आत, एक बाहेर. "साहेब, ती शीट जरा टोचती."

"टोचू दे."

"स्प्रिंग वर आलीय, पँट फाटंल."

"उतरा हो," अधिकारी म्हणाले. मामा उतरले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. बैल विकून परतलेल्या माणसासारखे दिसत होते.

"बाई, आता?"

"आता काही नाही," मी म्हटलं.

साहेबांनी मोटर चालू केली, गिअर टाकला आणि पाय उचलला. लंगडी दणकन हादरली. मोटर कण्हली. रिलेचा खटका थरथरला. तो पडला की वर्षभराचं काम भंगारात, हे मला दिसत होतं. मी डोळे मिटले.

खटका पडल्याचा आवाज आला नाही. डोळे उघडले तर बैलगाडी शांतपणे येत होती. साहेब सांगत होते, "क्लच म्हणजे पाकळी." अधिकारी मांडीवरच्या फाइलमध्ये काहीतरी वाचत होते. मामांनी मला कोपराने ढोसलं आणि नजरेने खाली दाखवलं. अधिकाऱ्यांच्या डाव्या पायावरची इस्त्रीची घडी सावकाश वर येत होती. मग खाली गेली. मग पुन्हा वर आली.

चहाच्या वेळी ते माझ्यापाशी आले. "मशीन अचूक आहे. पहिला धक्का अगदी खरा होता."

मला राहवलं नाही. "सर, मग आपण पाय..."

"बाई," त्यांनी बशीत चहा ओतला, "मलाही मुंबईत साहेब आहेत."

अनुदान मिळालं. माझी जागा कायम झाली. लंगडीवर शिकून गेलेली मुलं खऱ्या गाडीत बसली तेव्हा क्लचप्लेटा जळणं बरंच कमी झालं आणि मामांचं गाडीखाली झोपणंही. डावीकडची पेडल मात्र आम्ही काढली नाहीत. उस्तादाला नवख्या मुलाला सांभाळायला ती फार उपयोगी पडली. म्हणजे साहेबांची तक्रार बरोबरच होती. गाडी उतरवायची तर शेजारी कोण बसलंय तेही मोजावं लागतं. मी ते मोजलं नव्हतं.

ओजस, तुझ्या स्टेअरिंगला डावीकडे पेडल नाहीत, हे मी पाहून ठेवलंय. खरी गाडी शिकशील तेव्हा शेजारच्या माणसाच्या गुडघ्याकडे एकदा बघ.

साहेब निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम होता. त्यांना शाल मिळाली, नारळ मिळाला. मग त्यांनी उलट सय्यदमामांना पुढे बोलावलं आणि एक खोकं दिलं. आत चांगल्या चामड्याचे काळे बूट होते. "मामा," साहेब म्हणाले, आजवर ते नुसतं सय्यद म्हणायचे, "पाय जपा." आणि जाऊन खुर्चीवर बसले. चेहऱ्यावर काही दिसेना.

कार्यक्रम संपल्यावर मी मामांना विचारलं, "साहेबांना माहीत होतं?"

"ते अल्ला जाने," मामा बाकावर बसून बूट घालून बघत म्हणाले. उजवा सहज गेला. डाव्याशी झटापट चालली होती. "डावा घट्ट होतोय, बाई. लई काम केलंय त्यानं."