बिल्ल्यासाठी धरलेले मासे

रविवारी दुपारी जेवणं झाली की मी लातुरात आणि अक्का नांदेडात, असे आम्ही दोघं एकाच तळ्यात मासे धरायचो. तळं मोबाईलमधलं. माझ्या या थोरल्या बहिणीला नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुपार खायला उठायची, म्हणून मीच तिला हा गेम लावून दिला होता. दोघांच्या दोन होड्या, कानात एकमेकांचा आवाज.

"जयभीम, अक्का."

"जयभीम. जेवलास का?"

मग अक्का होडी एका झाडाखाली लावायची, गळ टाकायची आणि बोलत बसायची. वरच्या मजल्यावरच्या भाडेकऱ्याची सून, स्वतःचे गुडघे, देगलूरच्या मावशीची अर्ध्या तेलुगूतली भांडणं. मासा लागला तर लागला. लागलाच तर "जा बाबा, लेकुरवाळा असशील" म्हणून सोडून द्यायची.

एके रविवारी मला गेममधलं अचिव्हमेंटचं पान सापडलं. कोणता पराक्रम केला की कोणता बिल्ला, त्याची रांगच. खोटं कशाला बोलू, पहिल्या एक-दोन बिल्ल्यांनी आमचं भलंच केलं. एकासाठी तळ्याच्या पल्याड जावं लागलं, तर तिकडे कमळं निघाली. अक्का हरखली. पण सगळ्यांत वर एक सोनेरी बिल्ला होता, 'अजोड जोडी'. तळ्यातल्या प्रत्येक जातीचा मासा दोघांनीही धरायचा.

आता मी पडलो लातूरचा क्लासवाला. फिजिक्स शिकवतो. आमचं पोरगं पहिलं आलं की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो, आणि तो फ्लेक्स त्या पोराच्या कौतुकासाठी नसून पुढच्या वर्षीच्या ॲडमिशनसाठी असतो, हे मला आतून ठाऊक. बिल्ला वाटणाऱ्याचा डाव ज्याला पाठ आहे, त्यानं तरी शहाणं असावं! पण हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात, त्यावर माझा आता विश्वास नाही. मी अक्काला वेळापत्रक धाडलं. सोमवारी कटला, मंगळवारी मरळ, रविवारी टेस्ट. टेस्टनंतर चुकांची उजळणी.

"अरे, खेळ हाय का बारावी?" अक्का म्हणाली.

"अक्का, तुझं लक्ष नसतं. गळ हलला की ओढायचा, बोलत नाही बसायचं."

"दिसंना गेलंय रे नीट. डॉक्टर म्हणून राहिला की..."

"हलला! ओढ, ओढ! डॉक्टरचं नंतर सांग."

मासा निसटला. मी तिला होमवर्क दिला.

पुढच्या रविवारी माइक बिघडल्याचा तिचा मेसेज आला. आवाज बंद, पण हात काय चालला होता म्हणून सांगू! गळ हलायचा अवकाश, मासा होडीत. मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बघ, बोलणं बंद केलं की रिझल्ट लागतो." फोन करून माइकला काय झालं हे विचारावं, एवढंही सुचलं नाही. दोन-तीन रविवार असे मुक्यानं गेले, शेवटचा मासा लागला आणि स्क्रीनवर सोनेरी फटाके उडाले.

अभिनंदनाला फोन लावला, तर उचलला वरच्या सुनेनं.

"अक्का झोपल्यात, सर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना. मोबाईल बघायचा न्हाई म्हणलंय डॉक्टरनं."

"मग मासा?"

"तो मीच धरला की."

"आणि दवाखान्यात कोण गेलं होतं?"

"मीच की, सर."

डमी उमेदवार! परीक्षेच्या हॉलमध्ये मी डमी नुसत्या चालीवरून ओळखतो, अशी माझी क्लासमध्ये ख्याती आहे. सख्ख्या बहिणीच्या जागी बसलेला डमी मला ओळखू आला नाही, उलट मी त्याची प्रगती बघून खूश होत होतो. अजोड जोडीचा बिल्ला खरं तर त्या सुनेच्या आणि अक्काच्या जोडीला द्यायला हवा होता. पण गेमला काय, मासा मोजता येतो, दवाखान्यात कोण गेलं ते कुठं मोजता येतं?

दुसऱ्याच दिवशी नांदेडची एसटी धरली. अक्का काळा चष्मा लावून खाटेवर बसली होती.

"सांगायचं नाही का मला?"

"सांगत होते की. तू मासे मोजून राहिला होतास."

"मग खेळ सोडून तरी द्यायचा."

"लई मनावर घेतलं होतंस रे तू. तुझं मन मोडवंना गेलं मला."

बोलायची सवय तिची होती, माझी फक्त शिकवायची. मग तीच म्हणाली, "दुसऱ्या डोळ्याचं अजून राहिलंय."

"त्या वेळी मी येतो. मीच नेतो तुला."

अक्कानं काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "कोणता बिल्ला हाय त्याला?"

"कोणताच नाही."

"हाव? मग बघू," ती म्हणाली, आणि माझ्यादेखत वरच्या सुनेला हाक मारून सांगून ठेवलं, "त्या दिवशी तूबी मोकळी ऱ्हा गं, बाई."