वाक्यातला कर्ता

बाबांच्या दहाव्याला पंचवटीत गुरुजींनी विचारलं, "कर्ता कोण?" धाकट्या भावाने दर्भासाठी हात पुढे केला. मी मागे उभी होते. मला त्यांचा वर्ग आठवला. बाबांनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आणि व्याकरणाच्या तासाला त्यांचा पहिला प्रश्न हाच असे. कर्ता सापडल्याशिवाय ते पुढे सरकत नसत.

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात मला तोच प्रश्न उपयोगी पडला होता.

बाबा व्हेंटिलेटरवर होते. ते आता शुद्धीवर येणार नाहीत, हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं. अशी वेळ आली तर नळी ठेवू नका, असं बाबांनी धडधाकट असतानाच साक्षीदारांसमोर सही करून लिहून ठेवलं होतं, आम्हा दोघांनाही बजावलं होतं. कायद्याप्रमाणे अशा वेळी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते; दोन्हींनी होकार दिला. उरलं होतं ते प्रत्यक्ष नळी काढणं. तेव्हा अतिदक्षता विभागातल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते इथे होणार नाही."

भाऊ पिंपळगावहून द्राक्षांचं काम टाकून आला होता. डॉक्टरीणबाईंच्या गळ्यातला छोटा क्रूस त्याने पाहिला आणि त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाला, "ताई, आपल्या बाबांचं काय करायचं ते आता ह्यांचा देव ठरवणार का?"

मी त्याला चहा आणायला पाठवलं. मला बाईंचा राग आला नव्हता, त्यांचं वाक्य मात्र खुपत होतं. 'होणार नाही' हे सरकारी खिडकीवर ऐकू येतं तसलं वाक्य. त्यात माणूसच नसतो.

"डॉक्टर, होणार नाही, की तुम्ही करणार नाही?"

"मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या श्रद्धेत ते बसत नाही."

"मग दुसरं कोण करेल?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. त्यांनी तिथूनच वरिष्ठ डॉक्टरांना फोन लावला आणि आडवळण न घेता कारण सांगितलं. मग मला म्हणाल्या की धाप लागू नये म्हणून औषध त्या स्वतः देतील, त्याला त्यांची हरकत नव्हती.

राज्यघटनेतल्या 'सदसद्विवेकबुद्धी' या जोडशब्दाची बाबा मुलांकडून फोड करून घेत. तिचं स्वातंत्र्य डॉक्टरांना आहे तसं बाबांनाही होतं. स्वतःचा हात मागे घ्यायला कुणाचीही ना नसावी. पण मागे घेतलेला हात 'मी' म्हणून घ्यावा, आणि रोग्याची वाट मोकळी ठेवावी. याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

संध्याकाळी वरिष्ठ डॉक्टर आले आणि त्यांनी नळी काढली. त्या वेळी बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. नंतर पलंगापाशी आल्या, औषध दिलं, बाबांचे ओठ ओल्या कापसाने पुसले. बाबांचा श्वास लांबत गेला. एकदाही धाप लागली नाही.

सगळं संपल्यावर भाऊ खाली गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे तीन कप होते. पहिला त्याने बाईंच्या पुढे धरला.