बळीरामने बांधलेली न्हाणी

बळीरामने आपल्या बायकोला न्हाणीत कोंडलं ते काही रागाने नाही. पाइप हातभर आखूड पडला, एवढंच.

झालं असं, की सकाळी नळ आला. लोहाऱ्याच्या त्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येई, आणि तोही सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा, वेळ न सांगता. कौसल्या तेव्हा न्हाणीत होती. तिचं डोकं धुऊन झालं होतं आणि निघण्याआधी दोन कपडे खंगाळून टाकावेत म्हणून ती दगडापाशी बसली होती. बळीरामने बाहेरून झरोक्यातून पाइप आत सोडला. तो कोपऱ्यातल्या ड्रमपर्यंत पोचेना, म्हणून त्याने हुकूम दिला की ड्रम जरा दाराकडे ओढ. रिकामा ड्रम; तिने ओढला. मग दार उघडेल ना, असंही तिने विचारलं. काही होत नाही, असं बळीराम म्हणाला. हे वाक्य तो जेव्हा जेव्हा म्हणाला होता तेव्हा तेव्हा काही ना काही झालेलंच होतं, पण सवय वाईट.

ड्रम गळ्यापर्यंत भरला. नळ गेला. कौसल्याने पिळलेले कपडे बादलीत टाकले, कडी काढली आणि दार ओढलं. दार आत उघडणारं. ते दोन बोटं आलं आणि ड्रमला टेकून थांबलं. तिने ड्रमला खांदा लावला. भरलेला ड्रम बाईच्या खांद्याने हलत नसतो, तो बापईच्या खांद्यानेही हलत नसतो, आणि बापई तर बाहेर होता.

आता या न्हाणीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यात बळीरामचा जीव होता.

बळीराम जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलायचा. एरवी माघात गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत लागे आणि त्याला पाणी प्यायला फुरसत नसे. पण त्या वर्षी कापसाला भावच उरला नव्हता. गाड्या येईनात, जिनिंग संक्रांतीनंतर बंद पडली आणि मालकाने मागची शेड पाडायला काढली. बळीराम घरी बसला. कामाची सवय असलेला माणूस घरी बसला की घराची खैर नसते. त्याने आधी कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं, ज्यात कोंबड्या पुन्हा गेल्या नाहीत. मग त्याची नजर न्हाणीवर पडली.

न्हाणी म्हणजे काय, तीन बाजूंनी टिनाचे पत्रे आणि चौथीकडे पोत्याचा पडदा. त्यातच आंघोळ, त्यातच धुणं, त्यातच भांडी. वारा आला की आत असलेल्याने एका हाताने पडदा धरायचा आणि एका हाताने अंग घासायचं. कौसल्या वीस वर्षं तशीच न्हाली. बळीरामने ठरवलं, पक्की न्हाणी करायची, आणि फुकटात करायची.

फुकटात म्हणजे पाडलेल्या शेडच्या विटा. फरशी जिनिंगच्या ऑफिसातली, निघताना फुटलेली. त्यामुळे जमीन नकाशासारखी दिसे, जिल्हे वेगळे, तालुके वेगळे. दार गोदामाचं, सागवानी, असलं जड की ते आणताना दोन माणसं आणि एक सायकल कामी आली. विहाराला रंग दिला तेव्हा उरलेला निळा डबा भिंतीला लागला. ड्रम भंगारवाल्याकडचा, तोही निळाच निघाला म्हणून बळीरामने त्याचा भावसुद्धा केला नाही. गवंडी मात्र फुकटात मिळत नव्हता, म्हणून गवंडी बळीराम स्वतः.

चौकट उलटी बसली, म्हणून बाहेर उघडायचं दार आत उघडू लागलं. मोठ्या घरी असंच असते, असं त्याने जाहीर केलं. उतार त्याने नुसत्या नजरेने काढला. काट्यावर वीस वर्षं बसलेल्याची नजर, तिच्यावर त्याचा भरवसा. पण ती नजर वजनाची होती, उताराची नव्हती. पाणी नालीकडे जायचं सोडून आधी दाराकडे येई, थोडं थांबे, आणि मग मनात आलं तर नालीकडे जाई. ड्रम आता त्याच उतारावरून दाराशी आला होता. परत कोपऱ्यात न्यायचा म्हणजे चढ.

आणि हे सगळं घडलं ते नेमकं त्या दिवशी, ज्या दिवशी कौसल्याला बोरी अरबला जायचं होतं.

बोरी अरब तिचं माहेर. दारव्ह्याच्या रस्त्याने काळीपिवळी जीप धरली की चहा थंड व्हायच्या आत येणारं गाव. पण कौसल्या दोन वर्षांत तिकडे गेली नव्हती. कारण नळ. नळ कधी येईल सांगता येत नाही. आला आणि घरी कोणी नसलं तर आठवडाभर कोरडं. मुलगा धम्मदीप नागपूरला वसतिगृहात, बळीराम काट्यावर, तेव्हा नळाची राखण तिच्याकडे. लग्नं झाली, बारशी झाली, ती नळापाशी बसून राहिली. आता तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, पट्टी निघाली होती, आणि म्हातारीने निरोप धाडला होता की दिसायला लागलं हाय, आता पोरीचं तोंड दाखवा. पक्की न्हाणी आणि मोठा ड्रम झाला की तू चार दिवस बिनघोर जा, असं बळीरामनेच कबूल केलं होतं. बारा वाजता रूपसिंगची काळीपिवळी गल्लीच्या तोंडाशी येणार होती. पिशवी भरून ओट्यावर ठेवलेली होती.

बळीरामने पहिला उपाय सांगितला, ड्रम उलटव. आतून आवाज आला की तो हलत नाही तर उलटेल कसा. दुसरा उपाय, तांब्याने पाणी नालीत सोड. त्यावर ती म्हणाली की नळाचं पाणी नालीत सोडणारी बाई अजून या गल्लीत जन्मली नाही.

तिसऱ्या उपायावर बळीराम स्वतःच खूश झाला. ज्या पाइपने पाणी आत गेलं त्याच पाइपने ओढून बाहेर काढायचं आणि भांड्यांत भरून ठेवायचं. तो रिकामं भांडं शोधायला घरात गेला. घागरी, कळशा, पातेली, कुकर, डब्यांची झाकणंसुद्धा भरलेली होती. नळाचा दिवस होता. तो शेजारच्या विमलताईंकडे गेला. विमलताईंनी आपल्या घरावरून हात फिरवून दाखवला. त्यांच्याकडे चहाची किटलीही काठोकाठ होती. तो पुढच्या घरी गेला, त्याच्या पुढच्या. नळाच्या दिवशी गल्लीत रिकामं भांडं मागणारा माणूस पहिल्यांदाच दिसत होता, आणि लोकांनी त्याचं मन भरून कौतुक केलं. एकाने विचारलं, "काहून भाऊ, बायको कोंडून कुठं पळून जाऊन राह्यले?"

शेवटी त्याने लोखंडी सब्बल आणली. दार फोडतो म्हणाला. आपल्याच हाताने बसवलेलं सागवानी दार. सब्बल उचलताना त्याचा चेहरा स्वतः पाळलेलं बकरं कापायला निघालेल्या माणसासारखा झाला होता. कौसल्याने झरोक्यातून पाहिलं आणि म्हणाली, ठेवा ते. मग पुन्हा पोत्याचा पडदा आणि पुन्हा दोन वर्षं मी नळापाशी.

बळीरामने सब्बल भिंतीला टेकवली आणि दारावर टकटक केली.

"कौसल्या, काय करून राह्यली व?"

"बसली हावो."

"घाबरली त नाही?"

"नाही. घरात बसा लागते, इथं बसली. सारखंच हाय."

बळीराम दाराबाहेर उकिडवा बसला. उन्हं ओट्यावर चढली होती, पिशवीवर पडली होती. मग त्याने हार मानल्यासारखं म्हटलं, की आज नाही जमत तर राहू दे. पाणी सोडून देऊ, तू बाहेर ये, आणि पुढच्या नळानंतर जा.

"पुढल्या नळानंतर," कौसल्या आतून म्हणाली. "मायच्या डोळ्याले पट्टी बांधली तवा तुमी हेच म्हनलं. सोडली तवाबी हेच म्हनलं. आज पानी नालीत सोडलं का तुमी म्हनान, घरात पानी नाही, आता कशी जाशीन. मले ठावूक नाही काय?"

ते वाक्य बळीरामच्या जिभेवर तयारच होतं.

"गोधडी आना," ती म्हणाली.

गोधडी कशाला, ते त्याला कळेना. झरोका लहान होता, पण गुंडाळी करून गोधडी आत गेली. मग चादरी मागितल्या. उशीचे अभ्रे. दारावरचा पडदा. त्याची जिनिंगची पँट, जी सुट्टीवर असूनही मळलेलीच होती. आत दगडावर धपाधप सुरू झाली. दोन कपड्यांची धुलाई पुढच्या आठवड्याच्या धुलाईत गेली, आणि ती पुढच्या महिन्याच्या. ड्रममधलं पाणी खाली जात होतं, आणि एक थेंब वाया जात नव्हता. बळीरामला हळूहळू उमगलं. घरात पिण्याचं पाणी भरलेलं होतं. ड्रमचं पाणी होतं धुण्याचं. आणि धुणंच संपलं, तर कशासाठी थांबायचं?

विमलताई झरोक्याशी आल्या. कौसल्याने आतूनच सौदा केला: तुमच्या दोन गोधड्या द्या, आणि चार दिवस यांच्या भाकरीकडे पाहा. विमलताई तीन घेऊन आल्या. बळीराम पिळलेलं ओझं झरोक्यातून ओढून काढी आणि दोरीवर टाकी. त्याला भर दुपारी, गल्लीसमोर, असं राबताना पाहून गल्लीने पुन्हा एकदा कौतुक केलं.

"आंगातला सदराबी द्या," आवाज आला.

"हा कायले?"

"कॉलर पाहा."

त्याने कॉलर पाहिली आणि दिला. धोतरही गेलं. तो बनियन आणि टॉवेलवर आला.

रस्त्यावर हॉर्न वाजला. रूपसिंगची गाडी. बळीरामने ओरडून थांबायला सांगितलं, रूपसिंगने सवाऱ्या आहेत म्हणून सांगितलं, आणि पुन्हा हॉर्न वाजवला. आत ड्रम घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. बळीरामने बाहेरून दार लोटलं. ते एक वीत सरकलं आणि अडकलं. त्याला तिचा श्वास ऐकू येत होता. त्याच्या नजरेने काढलेल्या चढावर ती ड्रम ढकलत होती. त्याला पहिल्यांदाच वाटलं की गवंडी केला असता तर बरं झालं असतं. त्याने दाराला पाठ लावली, पाय रोवले, आणि दोघांनी एकदम जोर केला. ड्रम कुरकुरत कोपऱ्याकडे गेला.

कौसल्या आडवी होऊन बाहेर आली. हातांची बोटं सुरकुतलेली, पदर ओला, केस मात्र वाळलेले. तिने दोरीकडे एकदा पाहिलं. अख्खं घर दोरीवरून टपकत होतं. मग लुगडं बदलायला ती घरात गेली, आणि बाहेर आली ती पिशवी उचलूनच.

बळीराम टॉवेल सावरत तिच्या मागे अंगणापर्यंत आला. पुढे रस्त्यावर यायची सोय नव्हती. ड्रममध्ये आता पाव भागच पाणी उरलं होतं, त्याला अंगावर घालायला घरात कोरडा कपडा नव्हता, जिनिंग बंद होती, आणि बायको निघाली होती.

"आता मी चार दिवस काय करू व घरात?"

गाडीत पाय ठेवता ठेवता कौसल्या म्हणाली, "नळाची वाट पाहा."